पाय बघायला येणाऱ्या घागबाई

गेल्या महिन्यात आमची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. माझा प्रोजेक्टचा अहवाल चाळत त्यांनी विचारलं, "समजा एका डिझेल ट्रकला आहे त्याहून मोठा टर्बो बसवायचाय. सुरुवात कुठून कराल?"

उत्तर मला पाठ होतं. इंजिन किती लिटरचं, हवा किती लागेल, दाब किती हवा, मग कंपनीचा तक्ता. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"सर, गाडी कोण चालवणार आहे?"

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही सर. डोंबिवलीच्या एमआयडीसीत. घागबाईंच्या गाळ्यात."

बाहेर येऊन पहिल्यांदा बाईंना फोन लावला. लागला नाही. त्यांच्या गावाला वरच्या देवळापाशी गेल्याशिवाय रेंज येत नाही आणि बाईंचे गुडघे आता तेवढे चढत नाहीत. सांगायचं होतं ते माझ्याकडेच राहिलं. म्हणून लिहायला बसले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. लिहिणं म्हणजे अर्ज, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळे हे कसं होईल मला माहीत नाही.

टर्बो म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. एका शाफ्टच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर एक फिरतो, आणि त्याच्या जोरावर दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त मिळाली की डिझेल नीट जळतं, गाडीला ताकद येते. बाईंच्या भाषेत, "गाडीने टाकलेला श्वास गाडीलाच कामाला लावायचा."

बाईंचं पूर्ण नाव शालन घाग. त्या एका कारखान्यात बॅलन्सिंगच्या मशीनवर सोळा वर्षं होत्या. टर्बोचे पंखे मिनिटाला लाखभर फेरे घेतात, त्यामुळे एका बाजूला तांदळाच्या कणीएवढं वजन जास्त झालं तरी शाफ्ट थरथरून मोडतो. ती कणी शोधून घासून काढणं हे बाईंचं काम. कारखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघालेलं ते मशीन त्यांनी उचललं आणि एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला, रंगाच्या पिंपांच्या गोडाउनशेजारी, गाळा घेतला. त्यांच्याबद्दल मला एवढंच माहीत. त्यांचं लग्न झालं होतं का, गावी कोण कोण आहे, हे मी कधी विचारलं नाही. तीन वर्षं दर गुरुवारी दुपारी, कॉलेज सुटलं की काम शिकायला, त्यांच्यासमोर बसत होते, आणि विचारलं नाही.

मी पहिल्यांदा गेले ती बाबांबरोबर. बाबांचा सहा टायरी ट्रक, जुना. आम्ही खडवलीचे. स्टेशनच्या अलीकडे वडाखाली ट्रक उभा असतो, त्यावरून पोस्टमनला आमचं घर सापडतं. तेव्हा ट्रक निळा धूर टाकत होता. गाळ्यात सुती साडी खोचलेल्या, वरून पुरुषी खाकी शर्ट घातलेल्या एक बाई उंच स्टुलावर बसल्या होत्या. चष्म्याला मागून दोरी.

बाबा म्हणाले, "मेकॅनिक कुठे गेलेत?"

"पाणी प्यायला," बाई म्हणाल्या. उठल्या, माठातलं पाणी प्यायल्या आणि परत येऊन बसल्या. "आले. बोला."

मला हसू आलं. बाबांनी मला कोपराने ढोसलं.

बाईंनी टर्बो उतरवला, पंख्याच्या टोकाला बोट लावून हलवून पाहिला. चांगलाच डुगडुगत होता. त्यांनी माझंही बोट धरून तिथे लावलं. "बघ. दाढ हलते तशी हलते की नाही?" त्यांची बोटं स्वच्छ होती, नखांतसुद्धा काळं नाही. पुढे कळलं, त्या कपड्याच्या साबणात रांगोळी मिसळून हात घासायच्या. वाण्याला वाटायचं, या बाईच्या दारात रोज केवढी रांगोळी पडते.

त्या दिवशी टर्बो दुरुस्त करून दिला. बाबा इंजिन बंद करायला गेले तसा बाईंनी हात वर केला. "थांबा, शेलारभाऊ. दोन मिनिटं." गाडी नुसती चालू ठेवायला लावली. टर्बो तापलेला असतो, इंजिन एकदम बंद केलं की त्याचं तेल थांबतं आणि ते आतल्या आत करपतं. म्हणून थांबण्याआधी दोन मिनिटं. बाईंनी हा नियम माणसांनाही लावला होता. बाहेरून कुणी आलं की आधी बसायचं, दोन मिनिटं बोलायचं नाही. कुणी धापा टाकत तक्रार सांगायला लागलं की त्या फक्त दोन बोटं दाखवायच्या. स्वतः भाजी घेऊन आल्या तरी पिशवी मांडीवर घेऊन तशाच बसायच्या. मला सुरुवातीला ते विचित्र वाटायचं. आता खोलीवर परतले की मीही बसते. मैत्रिणी विचारतात, काय झालं गं? मी म्हणते, काही नाही.

पण बाईंचं नाव कल्याण-भिवंडीपर्यंत गेलं होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. जुन्या मापाचा टर्बो त्या तिथल्या तिथे दुरुस्त करून द्यायच्या. पण कुणी "मोठा बसवा" म्हणालं की गाडीत बसून ड्रायव्हरचा पाय पाहिल्याशिवाय बसवायच्या नाहीत. गाडी भरायची, चढ गाठायचा, बाई केबिनमध्ये बाजूला बसणार आणि चढ संपेपर्यंत त्याच्या उजव्या पायाकडे बघणार. रस्त्याकडे नाही. हवेच्या पाइपातून एक नळी काढून त्याला छोटं गोल मीटर लावायच्या, त्याला त्या घड्याळ म्हणायच्या. नजर पायावरून घड्याळावर, घड्याळावरून पायावर. ड्रायव्हर लोक थट्टा करायचे.

"बाई, पोरगी बघायला जातात तसं पाय बघायला येताय. कांदेपोहे करू का?"

"कर. पण पाय पसंत नाही पडला तर नारळ परत मिळणार नाही."

एकदा मी असताना एका ट्रान्सपोर्टवाल्याचा मुलगा आला. नवा धंदा, डोक्याला जेल, हातात मोबाइल. "बाई, अपने को सगळ्यात मोठा टर्बो पाहिजे. शिटी मारणारा. मागून आवाज आला पाहिजे, सूंऽऽ करून."

"कशाला रे?"

"रील टाकायचीय."

बाई उठल्या, मागच्या फळीवरून कुकरची जुनी शिटी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "ही घे. गॅसवर चालते, डिझेल लागत नाही."

तो रागावला नाही, हेच विशेष. हसला, म्हणाला, "अहो सिरियसली." मग बाई त्याच्या गाडीत बसून टिटवाळ्याच्या चढापर्यंत गेल्या आणि तासाभराने एकट्याच रिक्षाने परत आल्या. बसल्या. दोन मिनिटं झाली.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाय उड्या मारतो. जाड तळव्याचे बूट घालतो पोर. त्याला पॅडल कळतच नाही खाली. म्हटलं, टर्बो नको बदलू, चपला घाल आणि आठ दिवसांनी ये."

आठ दिवसांनी तो साध्या रबरी स्लिपर घालून आला. टर्बो त्याने घेतलाच नाही. म्हणाला, "बाई, आहे तोच चालतोय ओ आता." बाईंनी त्याला चहा पाजला. गिऱ्हाईक गेलं होतं, पण दिवसभर त्या खुशीत होत्या.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय बाई पूर्ण होणार नाहीत.

बाबांना सिमेंटचं काम मिळालं होतं. कल्याणहून माल भरायचा आणि कसारा घाट चढून इगतपुरीच्या गोडाउनला टाकायचा. रोज एक खेप. गोडाउनचं गेट दुपारी एकला बंद व्हायचं. आमच्या ट्रकला पूर्ण भरून घाट झेपत नव्हता, दोनदा उशीर झाला होता. गोडाउनच्या मुकादमाने स्वच्छ सांगितलं होतं, "शेलार, तिसऱ्यांदा लेट झालास तर दुसरी गाडी लावणार. वाईट वाटून घेऊ नको." ते काम गेलं असतं तर बाबांनी ट्रक विकला असता आणि दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेले असते. तसं ते आईशी बोलत होते, मी ऐकलं होतं. बाबांनी पंधरा वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली होती. त्या काळातलं ते काही सांगत नसत.

माझा प्रोजेक्ट तोच होता, डिझेल ट्रकसाठी टर्बोची निवड. मी बाबांच्या इंजिनाचे आकडे घेतले, दोन रात्री जागून हिशेब मांडला आणि एक मोठा टर्बो निवडला. स्वच्छ अक्षरात, एका कागदावर. बाबांनी तो कागद वाचला. म्हणजे बराच वेळ हातात धरला. मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला.

गुरुवारी आम्ही गाळ्यात गेलो. बाई म्हणाल्या, "उद्या घाटात येते. आधी पाय बघू."

बाबा म्हणाले, "पाय कशाला बघताय बाई? पोरीने सगळं काढलंय." आणि खिशातून कागद काढून दिला. घड्या मऊ पडल्या होत्या.

बाई नववी शिकलेल्या. त्यांनी कागद फळीवर पसरला आणि बोट फिरवत शेवटपर्यंत वाचला. मग मला विचारलं, "बयो, हे सगळं किती फेऱ्यांवर धरलंयस?"

"फुल पॉवरला. मिनिटाला चोवीसशे."

"हां." त्यांनी बोट परत पहिल्या ओळीवर नेलं. "आणि यात बाबांचा पाय कुठे आहे?"

मी म्हटलं, "हिशेबात पाय येत नाही, बाई." मला वाटतं, थोडं हसलेसुद्धा मी. ते हसू आठवलं की अजून कसंतरी होतं.

बाईंनी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे बघत होते. मग त्या म्हणाल्या, "बसवते. पण उद्याच्या खेपेला मी येणार. आणि सहाला निघायचं."

"सहाला? मी नऊला निघतो नेहमी."

"सहाला, शेलारभाऊ."

शुक्रवारी बाई कल्याणच्या नाक्यावर उभ्या होत्या, पायाशी एक गोणी. बाबांनी ती केबिनमध्ये चढवली आणि कंबर धरली. "काय आहे ओ यात? पाटा-वरवंटा?"

"डबा आहे. मला भूक फार लागते."

मी मध्ये, बाई दाराशी. सपाटीवर गाडी ठीक होती. खर्डीपर्यंत मी खुशीत होते. घाट लागला आणि गाडी बसली. दुसरा शब्द नाही. बाबा पॅडल दाबत होते, गाडी घुमत होती, घड्याळाचा काटा हलत नव्हता. आरशात मागे काळा धूर दिसत होता, मागचा मोटारसायकलवाला तोंडाला रुमाल लावून शिव्या देत पुढे गेला. गरमीचा काटा चढायला लागला.

बाई म्हणाल्या, "शेलारभाऊ, गियर खाली टाका. इंजिनला पळू द्या. अठराशेवर न्या."

बाबांनी नेलं. इंजिन ओरडलं आणि टर्बो जागा झाला. सूंऽऽ. काटा वर गेला, ट्रक उचलला गेला. मी बाईंच्या हाताला धरलं. "बघा! बघा!" बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या खाली बघत होत्या. म्हणून मीही खाली पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मी बाबांचा पाय बघत होते. काळी चप्पल, अंगठ्याशी शिवलेली. तो पाय हळूहळू, कुणी न सांगता, मागे येत होता. इंजिन शांत झालं. तेराशे. काटा पडला. ट्रक पुन्हा बसला.

"बाबा, दाबून धरा ना!"

"धरलंय गं."

धरलं नव्हतं. त्यांना वाटत होतं धरलंय.

बाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली. दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून मग बंद केलं. त्या दगडावर जाऊन बसल्या, आम्हीही बसलो. मग बाईंनी विचारलं, "इंजिनचा आवाज चढला की पाय मागे येतो तुमचा. कुणी शिकवलं?"

बाबा हसले. "उस्ताद होता आमचा. किन्नर, म्हणजे क्लीनर, होतो मी त्याच्याकडे, गाडी शिकत होतो. इंजिन ओरडलं की त्याची चप्पल पाठीत. म्हणायचा, डिझल काय तुझ्या बापाचं आहे का? दोन वर्षं खाल्ली चप्पल." त्यांनी पाठीकडे हात नेला, जणू अजून तिथे काही असावं. "मग मालकाची गाडी. तिथेपण डिझल मोजून."

मला हे माहीत नव्हतं. बाबांच्या इंजिनाचा प्रत्येक आकडा मला पाठ होता.

मी रडायला लागले. मोबाइलवर साडेआठ वाजले होते. "काम गेलं ना आता? माझ्यामुळे गेलं ना?"

"डबा काढ," बाई म्हणाल्या.

गोणीत दोन टर्बो होते, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. दोन वेगळ्या मापांचे, दोन्ही मी निवडलेल्याहून लहान. बाईंनी एक उचलला, बाबांच्या चपलेकडे एकदा पाहिलं, तो ठेवला आणि दुसरा घेतला. "हा तेराशेला जागा होईल. वर गेल्यावर दम सोडेल, पण वर जातंय कोण?"

इंजिन निवायला तास गेला. मग तिघांनी मिळून काम केलं. मी पाने देत होते, बाबा वजन धरत होते, बाई नट सोडत होत्या. त्यांच्याकडे खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली होती, त्यात स्वच्छ तेल. नवा टर्बो बसवल्यावर त्यांनी ते वरच्या भोकातून थेंब थेंब आत सोडलं आणि बोटाने पंखा फिरवला. "कोरड्या घशाने पळवू नये कुणाला." शेवटी डिझेलच्या पंपाचा स्क्रू अर्धा आटा मागे घेतला, काळा धूर कमी व्हावा म्हणून.

अकरा वाजून गेले होते. बाबांनी गाडी काढली. पाय तोच, तेराशे. पहिल्या वळणावर घड्याळाचा काटा उठला. शिटी नाही, आरडाओरडा नाही, ट्रक आपला चढत राहिला. मागे धूर आला तो फिका, चुलीवरच्या वाफेसारखा. बाबांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. तशी मी त्यांना फक्त रिकाम्या गाडीत वाजवताना पाहिलं होतं.

बाईंनी पायाकडे एकदा पाहिलं, घड्याळाकडे एकदा पाहिलं, दाराला डोकं टेकलं आणि निम्म्या घाटात झोपून गेल्या. पाय पसंत पडल्याची खूण तीच, हे मला नंतर इतर ड्रायव्हरांकडून कळलं.

गेटवर आम्ही पावणेएकला पोचलो. मुकादम म्हणाला, "काय शेलार, आज दोन-दोन मॅडम?" बाबा म्हणाले, "एक इंजिनियर आहे आणि एक इंजिनियरची मास्तरीण." काम राहिलं. ट्रक अजून आमचाच आहे, अजून वडाखाली उभा असतो.

येताना मी बाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग बसवलात कशाला माझा?"

बाबा डिझेल भरायला उतरले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, तो माणूस चार दिवस तो कागद खिशात घेऊन फिरत होता. चहावाल्याला दाखवला, टायरवाल्याला दाखवला. माझी पोरगी, माझ्या गाडीसाठी. तो कागद मी खोटा पाडायचा? म्हटलं, घाट पाडेल. घाटाचा कुणाला राग येत नाही."

"मग मी तो फाडून टाकते."

"फाडू नको. हिशेब बरोबर आहे तुझा. एक ओळ राहिलीय, ती घाल."

मी घातली. तोच कागद अहवालाच्या शेवटी जोडला आहे. परीक्षकांनी तो पाहिला की नाही, मला माहीत नाही.

त्यानंतर बाईंचं काम कमी होत गेलं. नव्या गाड्या येऊ लागल्या, त्यांचं सगळं कॉम्प्युटरच्या हातात. त्यांचा टर्बो नुसता बदलून चालत नाही, लॅपटॉप जोडून गाडीला ते समजावावं लागतं. एक मुलगा लॅपटॉप घेऊन गाळ्यात आला होता, बाईंबरोबर काम करायला. बाई त्याच्या शेजारी बसून पडद्यावरचे आलेख बघत राहिल्या. एका रेषेवर बोट ठेवून विचारलं, "हे काय रे?"

"ॲक्सिलरेटर पोझिशन. म्हणजे ड्रायव्हरचा पाय किती दाबलाय ते."

बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे पाय दिसतो यात?"

"दिसतो ना."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. खरंच बरं वाटलं असावं त्यांना, कारण त्या हसल्या होत्या. पण त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. गुडघे दुखत होते, केबिनच्या पायऱ्या चढवत नव्हत्या. मशीन भिवंडीच्या एकाला दिलं. ते नेताना त्यांनी टेंपोवाल्याला दोनदा सांगितलं, "खड्ड्यांतून हळू. त्याला हादरा सहन होत नाही." गाळ्यात आता प्लास्टिकच्या बरण्या ठेवतात. मी अजून कधीकधी गुरुवारी त्या रस्त्याने जाते. काम काही नसतं. शटरच्या बाजूच्या भिंतीवर बाईंनी मुलांच्या खडूने काढलेली टर्बोची आकृती आहे, धूर इकडून, हवा तिकडून, माझ्यासाठी काढलेली. पावसाचा शिंतोडा तिथे पोचत नाही, म्हणून ती टिकली आहे.

बाई गावाला निघाल्या त्या दिवशी माझं प्रॅक्टिकल होतं. कल्याणच्या एसटी स्टँडवर मी पळत पोचले तेव्हा बाबा एकटेच उभे होते, हातात रिकामी पिशवी. शेंगदाण्याचे लाडू दिले होते आईने, ते पोचवून झाले होते.

"ती बघ, चिपळूणची," बाबा म्हणाले.

गाडी फलाटावरून मागे निघून वळली होती. ड्रायव्हरने ती तशीच चालू ठेवली होती, पुढची बस निघायची वाट बघत. बाई दारालगतच्या अगदी पहिल्या सीटवर होत्या, खाकी शर्ट नव्हता, स्वच्छ निळी साडी. मी हात हलवत धावले. "बाई! बाई!" खिडकी उघडी होती, अंतर फार नव्हतं. मला त्यांना विचारायचं होतं, गावी कोण आहे? कुणाकडे राहणार? तीन वर्षांचं सगळं मला त्याच वेळी विचारायचं होतं.

बाईंनी वळून पाहिलं नाही. त्या थोड्या पुढे वाकल्या होत्या, चष्म्याची दोरी मानेवर, नजर खाली, ड्रायव्हरच्या बाजूला.

बाबांनी हलवायला वर केलेला हात खाली घेतला. "राहू दे," ते म्हणाले. "पाय बघतायत."

पुढची बस हलली. ड्रायव्हरने गियर टाकला, गाडी स्टँडच्या फाटकाचा छोटा चढ चढली, आणि बाईंची मान एकदाच हलली. पसंत की नापसंत, ते मागून कळलं नाही.